टायरमधला चीक

पुण्याच्या आसपास सायकल चालवणाऱ्यांची बहुतेक पंक्चरे मोठ्या खिळ्यांनी होत नाहीत. ती होतात सराट्याच्या काट्यांनी, शेताच्या कुंपणावरून रस्त्यावर सांडलेल्या बाभळीच्या काटक्यांनी आणि महामार्गाच्या कडेला पडलेल्या बारीक पोलादी तारांनी. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्याच्या आतल्या पट्ट्यांमधील तारांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात, वाहनांच्या वाऱ्याने हळूहळू कडेला सरकतात, आणि सायकलस्वाराच्या वाट्याला रस्त्याची तीच कड येते. सराट्याचे तर विचारूच नये. पावसाळ्यात जमिनीसरपट पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल दिसायला निरुपद्रवी असते. मात्र पाऊस संपून तिची फळे वाळली की त्यांचे टणक काटे कसेही पडले तरी एक टोक वर ठेवूनच पडतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात हीच वनस्पती बाहेरून येऊन पसरली आहे आणि तिथल्या सायकलस्वारांनाही तिचा तेवढाच जाच होतो.

या तिन्ही गोष्टींनी पडणारे छिद्र लहान असते, आणि ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये घातले जाणारे पातळ सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, अशाच छिद्रांसाठी असते. माझ्या सायकलचे टायर ट्यूबलेस करण्यामागे वजन किंवा वेग यांचा विचार नव्हता. सराट्याच्या हंगामात दर थोड्या अंतरावर ट्यूब बदलत बसण्याचा कंटाळा, एवढेच त्यामागचे कारण होते. तो कंटाळा खरोखरच संपला. तरीही दुकानात ज्या शब्दांत हे द्रव्य विकले जाते, म्हणजे ‘एकदा भरा आणि विसरून जा’, ते शब्द मला मान्य नाहीत. सीलंट ही नाशवंत वस्तू आहे, आणि ती नाशवंत का आहे हे कळले की तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही आपोआप कळते.

सायकलसाठीच्या बहुतेक सीलंटमध्ये मुख्य घटक असतो तो रबराचा चीक. काही कंपन्या नैसर्गिक चीक वापरतात, तर काही कृत्रिम. त्यात पाणी असते, द्रव लवकर सुकू नये आणि थंडीत गोठू नये म्हणून ग्लायकॉल असते, आणि बारीक कण किंवा तंतू मिसळलेले असतात. नैसर्गिक चीक येतो तो रबराच्या झाडापासून. भारतात त्याची लागवड प्रामुख्याने केरळात आहे, परंतु आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि सावंतवाडी भागात, तसेच गोव्यातही रबराच्या बागा आहेत. खोडाच्या सालीवर तिरपी चीर दिली की पांढरा चीक ओघळून खाली बांधलेल्या वाटीत जमा होतो. हा चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म गोळे. त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे आवरण आणि ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणूनच चीक द्रवरूप राहतो. हा तोल फार नाजूक असतो. चीक नुसता ठेवून दिला तर जिवाणूंमुळे आम्लता वाढते आणि तो गोठतो. रबराचे तक्ते करायचे असतील तेव्हा त्यात मुद्दाम फॉर्मिक आम्ल घालून तो गोठवतात. उलट, द्रव स्वरूपातच टिकवायचा असेल तर त्यात अमोनिया घालतात. काही सीलंटची बाटली उघडताच नाकात जाणारा उग्र वास असतो तो या अमोनियाचा. अमोनियाविरहित सीलंटही मिळतात. नैसर्गिक रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी कृत्रिम चिकाचे सीलंट निवडावे आणि तेही हातमोजे घालूनच हाताळावे.

आता टायरला छिद्र पडते तेव्हा काय होते ते पाहू. चाक फिरत असताना सीलंट टायरच्या आतल्या बाजूला सगळीकडे पसरलेले असते. छिद्र पडताच आतली दाबाखालची हवा तिथून बाहेर धावते आणि आपल्याबरोबर हा द्रवही ओढून नेते. मोरीच्या जाळीत केर अडकावा तसे त्यातले कण आणि तंतू छिद्राच्या तोंडाशी अडकतात आणि मोठी वाट अनेक लहान वाटांमध्ये विभागली जाते. त्या अरुंद वाटांतून वेगाने घुसळत जाताना चिकाचा नाजूक तोल बिघडतो, शिवाय बाहेरच्या हवेच्या संपर्कात त्यातले पाणी उडते, आणि रबराचे गोळे एकमेकांना चिकटून तिथे लवचीक बूच तयार होते. सराट्याच्या काट्याबाबत हे इतक्या सहज घडते की स्वाराला पत्ताही लागत नाही. घरी आल्यावर टायर पुसताना एक ओलसर ठिपका दिसतो, तेवढाच.

दाब जितका जास्त तितके हे काम कठीण. डोंगरातल्या सायकलचे रुंद टायर २० ते ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाबावर चालतात आणि तिथे छिद्र चटकन बुजते. रस्त्यावरच्या २५ किंवा २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये दाब ७०-८० पीएसआय असला तर तयार होऊ पाहणारे बूच हवा पुनःपुन्हा उडवून लावते. अशा वेळी फ्रेमवर आणि स्वाराच्या पाठीवर पांढरे शिंतोडे उडत राहतात, दाब उतरत उतरत चाळीस-पन्नासच्या आसपास येतो आणि मग कुठे छिद्र बंद होते. तेवढ्या दाबावर घरी पोहोचता येते, पण हवा भरताना सावध राहावे लागते. माझ्या मते अरुंद टायर आणि सीलंट यांची जोडी नाइलाजाचीच आहे; ज्यांना फ्रेममध्ये ३० किंवा ३२ मिलिमीटरचा टायर बसवता येतो त्यांनी तो बसवावा, म्हणजे दाबही कमी ठेवता येतो आणि सीलंटलाही आपले काम करता येते.

ज्या गुणामुळे छिद्र बुजते त्याच गुणामुळे सीलंट संपते. वाळून घट्ट होणे हे त्याचे काम असल्यामुळे ते कधी ना कधी टायरच्या आतही वाळणारच. टायरच्या रबराखालच्या कापडातून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते, अमोनिया उडून जातो, प्रत्येक लहान छिद्र बुजवताना थोडा चीक खर्ची पडतो आणि बाकीचा थर बनून टायरच्या आतल्या भिंतीला चिकटत राहतो. उत्पादक साधारण दोन ते सहा-सात महिन्यांचे आयुष्य सांगतात. त्यातला मोठा आकडा थंड आणि दमट हवामानासाठी आहे असे समजून आपण लहान आकडा धरून चालावे हे उत्तम. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात किंवा विदर्भात जिथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि सायकल पश्चिमेच्या गॅलरीत दुपारभर उन्हात उभी असते, तिथे दोन महिन्यांत टायरमध्ये द्रव जवळजवळ उरत नाही. पावसाळ्यात तेच सीलंट बरेच दिवस टिकते. म्हणून मी कॅलेंडरमधल्या ठरावीक तारखेपेक्षा हंगाम पाहून ते तपासतो: उन्हाळा सुरू होताना, उन्हाळ्याच्या मध्यात, आणि पावसानंतर सराटे वाळू लागण्याच्या आधी.

तपासणे सोपे आहे. चाक कानाशी धरून हलवले असता रुंद टायरमध्ये द्रव खळखळल्याचा आवाज येतो. अरुंद टायरमध्ये मात्र या आवाजावर विसंबता येत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह सर्वांत खाली येईल असे चाक उभे ठेवावे आणि द्रव तळाशी जमा होऊ द्यावा. मग सगळी हवा सोडून व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे त्याचा आतला सुटा होणारा भाग, काढावा आणि केबल टायसारखी बारीक पट्टी वरून आत सोडून बाहेर काढावी. पट्टी ओली आली तर द्रव शिल्लक आहे. कोरडी आली, किंवा टोकाला रबराचा चिकट धागा लागून आला, तर नवे सीलंट घालण्याची वेळ झाली. आतमध्ये कधी कधी वाळलेल्या चिकाचा गोळा तयार होतो आणि चाक फिरवताना तो आपटत राहतो. तो धोकादायक नसतो, परंतु तो दिसला याचा अर्थ द्रवाचा बराच भाग आधीच वाया गेला आहे.

सीलंटशिवाय ट्यूबलेस टायर चालत नाही का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. एके काळी चालत असे. माविक या फ्रेंच कंपनीने हचिन्सन आणि मिशेलिन यांच्या साथीने १९९९ साली डोंगरी सायकलींसाठी यूएसटी ही पद्धत आणली, तेव्हा त्या टायरच्या आत हवाबंद रबराचा जाड थर असे आणि रिमच्या आतल्या भिंतीला आऱ्यांची छिद्रेच नसत. ती रचना सीलंटशिवायही हवा धरून ठेवत असे, पण ती जड होती. पुढे २००१ मध्ये स्टॅन कोझिआटेक यांनी अमेरिकेत नोट्यूब्ज ही कंपनी सुरू केली आणि रिममधली आऱ्यांची छिद्रे झाकणारी चिकट पट्टी व पातळ सीलंट वापरून साध्या रिमवर साधे टायरही ट्यूबशिवाय चालवता येतात हे दाखवून दिले. आजचे ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणून विकले जाणारे टायर याच दुसऱ्या वाटेवरचे आहेत. त्यांचे कापड हलके आणि सूक्ष्म सच्छिद्र असते. नव्या टायरमध्ये सीलंट घातल्यावर बाजूच्या भिंतीवर दवासारखे बारीक थेंब येतात ते त्यामुळेच. म्हणजे अशा टायरमध्ये सीलंट पंक्चरसाठी असते तसेच मुळात हवा धरून ठेवण्यासाठीही असते. ते वाळले की टायर रोज थोडा थोडा बसू लागतो, आणि माणूस व्हॉल्व्हला दोष देत राहतो.

किती घालावे याबद्दल दुकानांमध्ये फारच हात आखडता घेतला जातो. २५ ते २८ मिलिमीटरच्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर, कच्च्या रस्त्यांसाठीच्या ४० मिलिमीटरच्या आसपासच्या ग्रॅव्हल टायरला साधारण ६०, आणि २९ इंची डोंगरी सायकलच्या रुंद टायरला ९० ते १२० मिलिलिटर हे प्रमाण योग्य वाटते. टायर नवा असेल तर पहिल्या वेळी थोडे जास्त घालावे, कारण बराचसा द्रव आतला पृष्ठभाग माखण्यातच जातो. वजनाची चिंता करणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की रस्त्यावरच्या सायकलची साधी ब्यूटिल रबराची ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास असते. ४० मिलिलिटर सीलंट, पट्टी आणि व्हॉल्व्ह मिळून फरक फारसा राहत नाही, आणि वीस मिलिलिटर वाचवून जे हाती लागते ते वीस ग्रॅमच असतात.

भरण्याच्या कामात खरे कसब सीलंटचे नसून पट्टीचे असते. रिमच्या आतला भाग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करावा. पट्टी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्यावी, ताणून लावावी आणि तिची दोन्ही टोके काही सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्यावीत. व्हॉल्व्हसाठीचे छिद्र चाकूने न कापता तापवलेल्या टोच्याने पाडावे, म्हणजे कडा वितळून गोल राहतात आणि पट्टी पुढे फाटत नाही. पट्टीत कुठे सुरकुती राहिली तर सीलंट त्यातून रिमच्या पोकळीत उतरते, आऱ्यांच्या निपलपर्यंत पोहोचते, आणि हवा आऱ्यांच्या छिद्रांतून निघत राहते. अशी गळती सीलंट वाढवून थांबत नाही. पट्टी काढून पुन्हा लावण्यावाचून इलाज नसतो.

टायरची कड, म्हणजे बीड, रिमवर बसवण्यासाठी एकदम भरपूर हवा लागते. आधी सीलंट न घालता बीडला साबणाचे पाणी लावावे, कोअर काढावा आणि हवेचा जोरदार झोत सोडावा. दोन्ही बाजूंनी फट्ट असा आवाज आला की बीड बसली. कधी साध्या उभ्या पंपानेही हे जमते, नाही तर हवा साठवणारी टाकी किंवा पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर लागतो. दुकानात जाणार असाल तर प्रेस्टा व्हॉल्व्हवर, म्हणजे अशा सायकलींच्या बारीक व्हॉल्व्हवर, चढणारा छोटा पितळी अडॅप्टर स्वतःजवळ ठेवावा, कारण तिथली नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असते; हा अडॅप्टर कोअर जागेवर असतानाच बसतो हेही ध्यानात असू द्यावे. बीड बसली की हवा सोडून, बाटली चांगली हलवून, इंजेक्टरने व्हॉल्व्हमधून सीलंट आत सोडावे. बाटली हलवणे ही औपचारिकता नव्हे. कण तळाशी बसलेले असतात, आणि न हलवता ओतले तर टायरमध्ये जाते ते नुसते पातळ पाणी, आणि कण बाटलीतच राहतात. मग कोअर बसवून हवा भरावी, चाक फिरवावे, दोन्ही बाजूंवर थोडा थोडा वेळ आडवे ठेवावे आणि लगेच थोडे अंतर चालवून यावे. पुढे रोजची हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवला तर कोअरमध्ये चीक अडकत नाही.

स्कूटर आणि मोटारसायकलसाठी विकले जाणारे दाट, रंगीत सीलंट सायकलमध्ये घालण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, कारण ते स्वस्त असते आणि कोपऱ्यावर मिळते. त्यांत सहसा चीक नसतो. ग्लायकॉल, तंतू आणि रबराचे तुकडे असतात. ते वाळत नाही हा त्याचा गुण खरा, परंतु सायकलच्या टायरच्या सच्छिद्र कापडावर रबराचा पापुद्रा तयार करण्याचे काम ते करत नाही, आणि दाट असल्यामुळे अरुंद टायरमध्ये नीट पसरतही नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सीलंट एकत्र करणेही टाळावे. एकाच्या रसायनाने दुसऱ्याचा चीक गोठू शकतो, आणि हे कळते ते टायर उघडल्यावरच.

सीलंटची मर्यादा तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रापाशी येते, बाटलीवर काहीही लिहिलेले असो. काचेने किंवा दगडाच्या धारेने टायर कापला गेला तर प्लग लागतो. मोटारीच्या ट्यूबलेस टायरला पंक्चरवाला जी चिकट दोरी टोच्याने आत खोचतो तिचीच ही बारीक आवृत्ती. छिद्रात प्लग खोचला की उरलेली फट सीलंट भरून काढते, आणि असा टायर पुढे पुष्कळ अंतर चालतो. बाजूची भिंत फाटली तर मात्र प्लगचाही भरवसा धरू नये. टायर फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची काडतुसे वापरणाऱ्यांनी आपल्या सीलंटच्या उत्पादकाची सूचना आधी वाचावी. काही प्रकारचे सीलंट या वायूच्या थंडगार झोताने गोठते. शिवाय हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर बाहेर पडतो, त्यामुळे घरी आल्यावर तो काढून साधी हवा भरावी लागते ती लागतेच.

बीआरएम या ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत मी प्लग, छोटा पंप आणि एक ट्यूब असे सगळेच बरोबर ठेवतो. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, घेता येते, आणि रात्री घाटात चिकाने माखलेला टायर उघडण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. तसा तो आलाच, तर ट्यूब घालण्याआधी एक गोष्ट विसरू नये. कित्येक महिने ट्यूबलेस चाललेल्या टायरमध्ये न जाणवलेले काटे आणि तारा रुतून बसलेल्या असतात. प्रत्येकाभोवती सीलंटचे बूच असल्यामुळे त्यांनी कधी तक्रार केलेली नसते. नवी ट्यूब घातली की ते सगळे एकाच वेळी तिला टोचतात. म्हणून टायरची आतली बाजू कापडाने पुसत पूर्ण फेरी मारावी, कापड जिथे अडकेल तिथला काटा बाहेरून ढकलून काढावा, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह सोडवून खिशात टाकावा आणि मगच ट्यूब घालावी. बोटे थेट फिरवू नयेत, कारण पोलादी तार हातात घुसली की ती काढायला चिमटा लागतो आणि तो रस्त्यात कोणाकडे नसतो. कपड्यांवर उडालेला चीक ओला असतानाच पाण्याने धुवावा. वाळल्यावर तो कापडाचाच भाग होतो.

हे सगळे करण्याची तयारी नसेल तर ट्यूबलेसच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाणाऱ्या सायकलला साधी ट्यूबच बरी. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या सायकलमध्ये सीलंट तळाशी साचते, वरचा भाग कोरडा पडतो, आणि ज्या दिवशी ती बाहेर काढावी त्या दिवशी दोन्ही चाके बसलेली आढळतात. हलकेपणाच हवा असेल तर आता टीपीयू या लवचीक प्लास्टिकच्या पातळ ट्यूब मिळतात, त्यांतल्या काही तीस-चाळीस ग्रॅमच्या असतात आणि घडी घालून खिशात राहतात. सराट्यापुढे मात्र त्यांचेही काही चालत नाही. घरातली बाजारहाटाची सायकल मी अजून जाड ब्यूटिल ट्यूबवरच ठेवली आहे. तिला पंक्चर झाले की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो, ठिगळ लावतो, आणि दहा मिनिटांत ती पुन्हा रस्त्यावर येते.